गांवच्या आरोग्यसेविकेचें शिक्षण

वैद्य आणि रोगी यांच्यामध्यें जें अंतर असतें तें केवळ कोसांनीं मोजतां येत नाहीं. रस्ता झाला, मोटार आली, तालुक्याच्या गांवीं रुग्णालय उभें राहिलें, म्हणजे कोसांचें अंतर कमी होतें. पण भीतीचें, पैशाचें आणि परकेपणाचें अंतर तसेंच राहतें. तापानें फणफणलेल्या मुलाच्या आईला दवाखाना कोठें आहे हें बहुधा ठाऊक असतें. हा ताप दवाखान्यांत नेण्याजोगा आहे कीं उद्यां आपोआप उतरेल, एवढेंच तिला कळत नसतें, आणि विचारावें असें जाणतें माणूस शेजारीं नसतें. हें शेजारचें जाणतें माणूस तयार कसें करावें, त्याला काय शिकवावें आणि शिकविल्यावर त्याचें ज्ञान ताजें कसें ठेवावें, हा सार्वजनिक आरोग्यांतील एक अत्यंत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचीं कांहीं उत्तमोत्तम उत्तरें महाराष्ट्रांतच सांपडलीं व येथून तीं देशभर गेलीं. म्हणून मराठी कुटुंबांना त्यांची ओळख असणें इष्ट होय.

या प्रश्नाचा इतिहास स्वातंत्र्यापूर्वींच सुरू होतो. १९४३ सालीं सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठीं एक समिति नेमण्यांत आली आणि १९४६ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. आज ठिकठिकाणीं दिसणाऱ्या प्राथमिक आरोग्यकेंद्राची कल्पना त्या अहवालांतच मांडलेली आहे. त्या काळीं वैद्यकशाळांतून कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा करून ‘लायसेन्शिएट’ डॉक्टर बाहेर पडत. समितीच्या बहुमताचा अभिप्राय असा पडला कीं, हा दुसरा वर्ग बंद करून देशांत एकाच उच्च दर्जाचा डॉक्टर तयार करावा. हेतु उदात्त होता. खेडुताच्या वांट्याला दुय्यम प्रतीचा डॉक्टर कां यावा, असा तो विचार होता. पण शिक्षण जसजसें लांबलें व महागलें, तसतसें तें शिकणाऱ्याला शहराकडे ओढूं लागलें. दूरच्या खेड्यांतील माणसाला पहिल्या प्रतीचा डॉक्टर मिळाला नाहीं आणि दुसऱ्या प्रतीचाही उरला नाहीं. केवळ वरचें शिक्षण उंचावल्यानें खालची पोकळी भरत नाहीं, हा या प्रकरणाचा पहिला धडा.

ही पोकळी वेगळ्याच वाटेनें भरण्याचा प्रयत्न जामखेड येथें झाला. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य १९७० सालीं अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील या दुष्काळी तालुक्यांत येऊन राहिलें. दोघांचें वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत झालेलें होतें आणि सार्वजनिक आरोग्याचें अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत. प्रथम त्यांनीं रूढ मार्गच पत्करला. शिकलेल्या परिचारिकांवर खेड्यांची भिस्त ठेवली. परंतु परगांवची तरुण परिचारिका खेड्यांत एकटी राहावयास कचरे, आणि गांवच्या बायकाही परक्या मुलीचें ऐकावयास सहसा तयार नसत. तेव्हां त्यांनीं गांवांतल्याच प्रपंचाचा अनुभव घेतलेल्या बायका शिकवावयास घेतल्या. निवड गांवानें करावयाची असा नियम होता. त्या बायकांपैकीं कित्येक निरक्षर होत्या आणि कित्येक दलित समाजांतील होत्या.

निरक्षर बाईला आरोग्याचें शास्त्र कसें शिकवावें, अशी शंका कोणाच्याही मनांत येईल. तिचें उत्तर असें कीं, जें शास्त्र केवळ पुस्तकांतून शिकतां येतें तें तिच्या उपयोगाचें नव्हतेंच. ठरलेल्या दिवशीं आठवड्याच्या आठवड्याला या बायका जामखेडला येत व रात्रीं तेथेंच राहत. गांवांत जें घडलें तें प्रत्येकीनें सांगावयाचें, त्यावर सर्वांनीं चर्चा करावयाची, एकादा नवा विषय समजून घ्यावयाचा आणि परत जाऊन तो घरोघरीं पोंचवावयाचा. पुढच्या खेपेला तो कितपत पोंचला याची झडती घ्यावयाची. उदाहरणार्थ, जुलाबानें मूल मरतें तें अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें, ही गोष्ट एकदां पटली म्हणजे उपाय सोपा असतो. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून तें पाणी मुलाला थोडें थोडें पाजीत राहावयाचें. हें सांगण्यास अक्षरांची जरूर नाहीं. पण जुलाब होत असतां मुलाचें पाणी तोडावें ही पिढ्यान् पिढ्यांची समजूत मोडून काढण्यास मात्र शेजारणीचाच शब्द लागतो.

याहूनही महत्त्वाचा असा एक पाठ तेथें दिला जात असे, तो कोणत्याही वैद्यकीय अभ्यासक्रमांत आढळणार नाहीं. निरनिराळ्या जातींच्या बायका तेथें एका पंक्तीला जेवत आणि एका छपराखालीं निजत. ज्या बाईला आजवर उंबरठ्याबाहेर उभें राहण्याची संवय होती, तिला उद्यां पाटलाच्या घरांतील बाळंतिणीजवळ बसून सल्ला द्यावयाचा होता. आपलें बोलणें ऐकण्याजोगें आहे हा विश्वास तिच्या ठिकाणीं निर्माण होणें, हीच तिच्या शिक्षणाची बाराखडी. या कामाचें फळ काय मिळालें? संस्थेच्या नोंदींप्रमाणें १९७१ च्या सुमारास त्या भागांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकीं १७६ बालकें पहिल्या वर्षाच्या आंतच दगावत. शतकाच्या अखेरीस हा आंकडा तिसांच्या खालीं आला होता. त्यांत पिण्याचें पाणी, धान्य व शेतीची सुधारणा यांचाही वांटा होता, हें खरें. पण या सुधारणा घरोघरीं पटवून देणारीं माणसें हीच होतीं. १९७९ सालीं आरोळे दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

जामखेडच्या प्रयोगानें साध्या बाईचें सामर्थ्य दाखविलें. त्या सामर्थ्याला शास्त्रीय कसोटी लावली ती गडचिरोलीनें. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं तेथें ‘सर्च’ या संस्थेचें काम सुरू केलें. लहान मुलांच्या मृत्यूंचें एक मोठें कारण न्यूमोनिया हें होतें. न्यूमोनिया झालेलें मूल भराभर श्वास घेतें. श्वास मोजले तर रोग ओळखतां येतो व साध्या औषधानें मूल वांचवितां येतें. पण गांवच्या सुइणींना दहा-बाराच्या पुढें मोजतां येत नसे, मग मिनिटाला पन्नास-साठ श्वास त्या मोजणार कशा? यावर सुइणींना पुन्हां शाळेंत बसविण्यापेक्षां साधन बदलण्याची युक्ति काढण्यांत आली. एका लहानशा चौकटींत एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेंत ओंवलेले मणी बसविले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं शेवटच्या लाल मण्याची पाळी आली, तर मुलाला न्यूमोनिया आहे असें समजून औषध सुरू करावयाचें. या कामामुळें मुलांचे मृत्यु घटल्याचें वृत्त १९९० सालीं ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. शिकणाऱ्याचें अज्ञान ही पुष्कळदां शिकविणाऱ्याच्या कल्पकतेची उणीव असते, असें या मण्यांवरून म्हणावयास हरकत नाहीं.

पुढचें पाऊल याहून धाडसाचें होतें. जन्मल्यापासून पहिल्या अठ्ठावीस दिवसांत बालकाला सर्वांत अधिक धोका असतो, आणि नेमक्या याच दिवसांत खेड्यांतील बाळबाळंतीण घराबाहेर पडत नाहींत. तेव्हां रुग्णालयाची विद्याच घरांत नेली पाहिजे, असें ठरवून ३९ गांवांत थोडेंबहुत शिकलेल्या स्त्रिया निवडण्यांत आल्या. त्यांना ‘आरोग्यदूत’ हें सुंदर नांव मिळालें. बाळाला जन्मतांच कोरडें करून ऊबदार गुंडाळणें, वजन करणें, दूध लवकर पाजावयास लावणें, श्वास अडला असतां पिशवीनें हवा देणें, जंतुदोषाचीं लक्षणें ओळखणें आणि आवश्यक तेथें प्रतिजैविकाचें इंजेक्शन देणें, इतकीं कामें त्या शिकल्या. एक एक कौशल्य पक्कें झाल्यावरच दुसरें शिकवावयाचें आणि प्रत्येकीचें काम वरचेवर जाऊन तपासावयाचें, अशी तेथील शिस्त होती. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें त्या गांवांतील नवजात बालकांचे मृत्यु हजारीं ६२ वरून सुमारें २५ वर उतरले. ज्या ४७ गांवांशीं तुलना केली होती तेथें तसा उतार दिसला नाहीं.

या दोन यशांच्या शेजारीं एका अपयशाची कथाही ठेवणें न्यायाचें होईल. २ ऑक्टोबर १९७७ रोजीं केंद्र सरकारनें सर्व देशासाठीं ग्रामीण आरोग्यसेवकांची योजना सुरू केली. हजार वस्तीमागें एक सेवक, तीन महिन्यांचें शिक्षण, औषधांची एक पेटी आणि दरमहा ५० रुपये, असें तिचें स्वरूप होतें. कागदावर ती जामखेडच्या योजनेची बहीणच दिसे. पण निवडलेल्यांत पुरुषांचा भरणा अधिक होता, आणि बाळंतिणीच्या खोलींत त्यांना प्रवेश नव्हता. पुष्कळ ठिकाणीं निवड गांवांतील वजनदार मंडळींच्या मर्जीनें झाली. सर्वांत मोठें वैगुण्य असें कीं, तीन महिन्यांचें शिक्षण संपलें म्हणजे शिक्षणच संपलें. औषधाची पेटी रिकामी झाली तर भरून देणारा नियमित भेटत नसे, आणि शंका आली तर विचारावें कोणाला हेंही ठाऊक नसे. योजनेचीं नांवें बदलत गेलीं आणि हळूहळू तींतील जीव गेला. विहिरीला झरा नसेल तर एकदां भरलेलें पाणी किती दिवस पुरणार?

२००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ‘आशा’ ही कार्यकर्ती आली, तेव्हां या अनुभवांतील बराच बोध घेण्यांत आला होता. ती स्त्रीच असावी, त्याच गांवची असावी व साधारणपणें हजार वस्तीमागें एक असावी, असें ठरलें. आरंभीं तेवीस दिवसांचें शिक्षण टप्प्याटप्प्यानें, आणि पुढें कौशल्याचें वीस दिवसांचें शिक्षण चार फेऱ्यांत, अशी रचना झाली. गडचिरोलीची पद्धति २०११ सालीं या कार्यक्रमांत सर्व देशासाठीं स्वीकारण्यांत आली. रुग्णालयांत जन्मलेल्या बाळाच्या घरीं आशानें तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं जावयाचें असतें; घरीं जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवशींही भेटावयाचें असतें. महाराष्ट्रांत तिच्या कामावर देखरेख ठेवण्यास गटप्रवर्तक असतात. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें देशांतील दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. परंतु गौरव झाला तरी नोकरीचा दर्जा मिळाला नाहीं. तिला ‘स्वयंसेविका’ म्हणतात, आणि तिच्या मोबदल्याचा मोठा भाग अमुक कामाला अमुक रुपये अशा हिशेबानें मिळतो. याच कारणासाठीं महाराष्ट्रांतील आशांना संपाचा मार्गही पत्करावा लागला आहे. शिकविलेलें माणूस टिकावें अशी इच्छा असेल तर त्याच्या पोटाची तरतूद हाही शिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

आतां या विषयाच्या दुसऱ्या अंगाकडे वळणें अवश्य आहे. अपंग, अथवा आजच्या सरकारी भाषेंत दिव्यांग, व्यक्तींच्या सेवेचें काय? २०११ च्या जनगणनेंत अशा व्यक्तींची संख्या २ कोटि ६८ लाख भरली, आणि त्यांपैकीं शेंकडा सुमारें ६९ खेड्यांत राहत होत्या. त्यांच्या सेवेसाठीं विशेष शिक्षक, वाचोपचारतज्ज्ञ, कृत्रिम अवयव बसविणारे तंत्रज्ञ इत्यादि अनेक प्रकारचीं माणसें लागतात. १९९२ च्या कायद्यानें भारतीय पुनर्वसन परिषद अधिकृत झाली, अभ्यासक्रमांना शिस्त लागली आणि नोंदणीवांचून अशा व्यवसायांत पडणें गुन्हा ठरलें. भोंदूगिरीला आळा घालण्यासाठीं हें आवश्यकच होतें. पण डॉक्टरांच्या बाबतींत जें झालें तेंच येथेंही झालें: तज्ज्ञ तयार झाले ते बहुतांशीं शहरांत राहिले, आणि अपंग मूल आपल्या खेड्यांत राहिलें.

या सेवेंत तज्ज्ञाचा हात आणि शेजारचा हात हे दोन्ही कसे लागतात, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. कांहीं बालकें जन्मतःच वांकडीं पावलें घेऊन येतात. अमेरिकेंतील डॉ. पोन्सेटी यांनीं रूढ केलेल्या पद्धतीनें अशीं पावलें बहुधा सरळ करतां येतात. दर आठवड्याला पाऊल थोडें थोडें वळवून प्लॅस्टर घालावयाचें, अशीं पांच-सहा प्लॅस्टरें होतात; पुष्कळदां टांचेच्या शिरेला एक लहानसा छेद द्यावा लागतो. तज्ज्ञाचें काम येथें जवळजवळ संपतें. पण त्यानंतर मुलानें विशिष्ट प्रकारचे जोडलेले बूट प्रथम तीन महिने जवळजवळ अहोरात्र व पुढें चार वर्षांचें होईपर्यंत झोंपेंत वापरावे लागतात; त्यांत हयगय झाली तर पाऊल पुन्हां वांकडें होतें. पहिल्या आठवड्यांत पाऊल पाहून “हें बरें होण्याजोगें आहे, उद्यांच चला,” असें कोण सांगणार? आणि मूल रडतें म्हणून कंटाळून बूट काढूं पाहणाऱ्या आईला चार वर्षें धीर कोण देणार? सहा आठवड्यांची विद्या शहरांतील आहे. चार वर्षांची विद्या शेजारची आहे. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत बाळाच्या घरीं जाणाऱ्या आशानेंच जन्मजात व्यंगें हेरावींत अशी योजना आहे, ती याच दृष्टीनें योग्य होय.

मेंदूच्या पक्षाघातानें पीडित असलेल्या मुलाची गोष्टही अशीच आहे. त्याला उताणें निजवून भरविलें तर घास श्वासनलिकेंत जाण्याची भीति असते. आधार देऊन, मान किंचित् पुढें घेऊन, ताठ बसवून भरविलें तर तेंच मूल सुखानें जेवतें. हें आईला दाखविण्यास अर्धा तास लागतो. पण दाखविणारें कोणी न भेटल्यामुळें किती मुलें अर्धपोटीं राहत असतील! जागतिक आरोग्य संघटनेनें १९८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकांत हेंच सूत्र धरलें आहे. कुटुंबांतील एका माणसाला शिकवावें, आणि त्याला शिकविणारी व्यक्ति गांवचीच असावी. कारागिराच्या हातांत किती विद्या असूं शकते याची साक्ष ‘जयपूर पाय’ देतो. १९६८ च्या सुमारास शाळेचें शिक्षण बेताचेंच झालेले कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या सहकार्यानें हा रबरी पाय सिद्ध झाला. तो घालून मांडी घालतां येते, उकिडवें बसतां येतें आणि अनवाणी चिखलांतूनही चालतां येतें. जामखेड येथेंही अशा पायांची कार्यशाळा निघाली.

हा सगळा विषय खेड्यापुरताच आहे असें शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं समजूं नये. अर्धांगवायूनें अंथरुणाला खिळलेले आजोबा, स्मृति हरपलेल्या आजी, हीं आतां घरोघरीं आढळणारीं दृश्यें आहेत. त्यांच्यासाठीं एकाद्या ब्यूरोकडून बारा तासांची मावशी बोलावली जाते. दर दोन तासांनीं कूस बदलली नाहीं तर शय्याव्रण होतात, लुळ्या हाताला धरून ओढलें तर खांदा निखळूं शकतो, हें तिला कोणीं शिकविलें आहे काय, असा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विचारला जातो तो बहुधा दर. मग व्रण झाला म्हणजे दोष मात्र तिच्या माथीं येतो.

या सर्व विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. सेवा करणारें माणूस ज्यांची सेवा करावयाची त्यांच्यांतलें व त्यांच्या विश्वासाचें असावें. त्याचें शिक्षण एकदांच पाजलेल्या बाळकडूप्रमाणें नसावें, रोजच्या भाकरीप्रमाणें असावें. काम, शंका, भेट आणि पुन्हां काम, हें चक्र थांबतां कामा नये. आणि त्याच्या पाठीशीं तज्ज्ञाचा आधार व हातीं योग्य मोबदला असावा. यांतील एकही गोष्ट गळली तर उरलेल्या दोन लंगड्या पडतात, हें १९७७ च्या योजनेनें दाखविलें आहे. तिन्ही एकत्र आल्या तर काय घडतें, हें जामखेड व गडचिरोली यांनीं दाखविलें आहे. रोगी बरा करण्याचें यश डॉक्टरांचें असतें आणि तें त्यांना मिळतें. परंतु मूल वेळेवर दवाखान्यांत पोंचलें, बूट रात्रीं पायांत राहिले, म्हाताऱ्याच्या पाठीला व्रण झाला नाहीं, हीं न घडलेल्या अनर्थांचीं यशें कोठेंही नोंदलीं जात नाहींत. तीं ज्यांच्या हातून घडतात त्यांना शिकविण्याचा खर्च समाजानें आनंदानें सोसावा, कारण तो न सोसल्याचा खर्च याहून पुष्कळ मोठा असतो.